वाणात वाटलेली गोष्ट

आज सकाळी गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडायला काही सापडेना. खरवडणी मंदारच्या गाडीत आणि मंदार ऑफिसला गेलेला. मी आपला पुढच्या खणात हात घातला, तर डीव्हीडीचं एक जुनं कव्हर लागलं. कसला विचार न करता काच घासायला लागले. अर्धी काच झाल्यावर त्याच्यावरचा आकडा दिसला. सात. मग घासायचं सोडून मी थंडीत तशीच उभी राहिले. शेजारचे आजोबा कुत्र्याला घेऊन चालले होते, त्यांनी "ऑल राइट, लव्ह?" असं विचारलंदेखील.

घरात तीळ भाजून ठेवलेत. शनिवारी माझ्याकडे हळदीकुंकू आहे आणि वाण काय लुटायचं ते अजून ठरलेलं नाही. तीळ मिळतात, गूळ मिळतो, आताशा हलव्याचे दागिनेही मिळतात, पण वाणाचा प्रश्न दर जानेवारीत नव्यानं उभा राहतो. प्लास्टिकचे डबे दिले की हल्लीच्या मुली नाकं मुरडतात. स्टीलच्या वाट्या प्रत्येकीकडे डझनांनी पडल्यात. काहीही द्या, कुणी ना कुणी हसणारच. पण दोन हजार आठ सालच्या संक्रांतीला लंडनजवळच्या पिनरच्या ज्योतीताईंनी जे वाण लुटलं, त्याला तोड नाही. तसं वाण कुणी पुन्हा देईल असं मला वाटतही नाही.

झालं असं, की ज्योतीताईंचे यजमान कामासाठी क्वालालंपूरला गेले होते. तिथून त्यांनी बायकोसाठी डीव्हीडींचा एक मोठा खोका आणला. आत सोळा डिस्क, प्रत्येक वेगळ्या कव्हरात, प्रत्येकीवर तीच मुलगी, तोच मुलगा आणि मागे तोच समुद्र. कोपऱ्यातले आकडे ज्योतीताईंनी बघितलेच नाहीत; त्यांना वाटलं, एकाच सिनेमाच्या सोळा प्रती आहेत. त्यांनी मोजून सोळाजणींना बोलावलं, एकेक डिस्क सेलोफेनमध्ये बांधली, वर हलव्याची पुडी चिकटवली आणि दिली लुटून. पुढच्या रविवारी त्यांच्या घरचा फोन खाली ठेवायची सोय उरली नाही. "ज्योतीताई, ह्याला सुरुवातच नाहीये." "ज्योतीताई, ह्याला शेवट नाहीये." तो एक सिनेमा नव्हताच. ती एक लांबलचक कोरियन मालिका होती आणि ताईंनी तिचे सोळा तुकडे पिनरपासून बर्मिंगहॅमपर्यंत सोळा घरांत पोचवले होते.

"मग गोळा करा ना परत," मी म्हटलं.

"अगं बाई, काहीतरीच काय!" ताई म्हणाल्या. "दिलेलं वाण परत मागतात का कुठे? माझ्या सासूबाईंना कळलं तर फोनवरून धुतील मला."

माझ्या वाट्याला सात नंबर आला होता.

आता त्या हिवाळ्यातली मी कशी होते ते सांगायला हवं. वय सव्वीस, लग्नाला आठ महिने. दोन्ही घरांशी दोन वर्षं भांडून, रडून, अबोला धरून मंदारशी लग्न केलेलं. पुण्याच्या ऑफिसातून बिनपगारी रजा काढून त्याच्यामागोमाग मिल्टन कीन्सला आले. ऑक्टोबर-नोव्हेंबर मजेत गेले. डिसेंबरात त्याच्या कंपनीनं त्याला क्लायंटकडे ॲबर्डीनला पाठवलं. सरळ स्कॉटलंडच्या वरच्या टोकाला! पंधरा दिवसांतून एकदा यायचा, शनिवार-रविवार राहायचा, की परत. ज्याच्याबरोबर राहता यावं म्हणून एवढा तमाशा केला, तो माणूस पाचशे मैलांवर आणि मी इथे राउंडअबाउट मोजत बसलेली. गाडी चालवता येत नव्हती. मिल्टन कीन्समध्ये गाडी नसणं म्हणजे घरात पाय बांधून ठेवल्यासारखंच. रेडवे नावाच्या इथल्या पायवाटांवरून चालत निघालं, तर भेटायची ती झाडं, पूल आणि एखादा सायकलवाला.

रोज संध्याकाळी आठला त्याचा फोन यायचा.

"जेवलीस का?"

"हो. तू?"

"हो. बाकी?"

"बाकी काही नाही."

झालं, संपला फोन. मी बहुतेकदा जेवलेली नसायचेच. एकटीसाठी कुकर लावायचा कंटाळा यायचा, मग टोस्ट नाहीतर चिवडा. पण "हो" म्हणायची सवय लागली होती. त्यालाही हो ऐकायची सवय लागली असावी.

पुण्याच्या ऑफिसनं माझी जागा मार्चअखेरपर्यंत धरून ठेवली होती. त्यांची मेल आली होती : परत रुजू होणार की नाही ते तोपर्यंत कळवा. आईला मेलचं सांगितलं, तर ती एवढंच म्हणाली, "तुझी खोली अजून तशीच आहे हो." मी चिडून फोन ठेवला आणि मग खूप रडले, कारण तिचं बोलणं मला मोहात पाडत होतं. मंदारला मेलबद्दल सांगितलंच नाही. त्यानं "नको जाऊस" म्हणावं असं वाटत होतं, पण ते मी मागून घेणार नव्हते. आमच्या घराण्यात नाकाला जरा जास्तच धार आहे.

अशात ती सात नंबरची डिस्क लावली. काही कळेना. समुद्रातलं एक बेट, एक धक्का, धक्क्यावर लोकरीचा मफलर गुंडाळलेली मुलगी, आणि निघून चाललेल्या बोटीवर तो मुलगा. इंग्रजी सबटायटल्स अशी, की लिहिणाऱ्यानं डोळे मिटून लिहिली असावीत. तरी मी पहिल्या दहा मिनिटांत घळाघळा रडायला लागले. त्यांची नावं काही केल्या कानाला पकडता येत नव्हती. पुढे बर्मिंगहॅमच्या विद्यानं त्यांचं बारसं केलं, बंडू आणि सुमी. सोळाही घरांत मग तीच नावं चालली.

डिस्क संपली आणि मी हट्टाला पेटले. ही गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत, क्रमानं बघायची. आणि बघता बघता मनाशी एक पणही लावला, आज सांगायला लाज वाटते असा : बंडू-सुमी शेवटी भेटले, तर इथे राहायचं, नाही भेटले, तर पुणं. शिकलीसवरलेली, सॉफ्टवेअर टेस्टिंग करणारी बाई मी! पण माणूस एकटं पडलं की त्याला कौल लावायला काहीही चालतं.

वाण परत मागायचं नाही, पण जिचं तिच्या घरी जाऊन बघायला कुणाची ना नव्हती. मी ज्योतीताईंकडून यादी घेतली, मंदारचा जुना लॅपटॉप पाठीवर टाकला आणि निघाले. बसनं, ट्रेननं, पिनरला मेट्रोपॉलिटन लाइननं. ज्योतीताई म्हणायच्या, "सोळा सोमवार आहेत गं हे तुझे. उद्यापन माझ्याकडेच कर."

तो सगळा हंगाम आठवतो, तो वासांनी. प्रत्येक घराचा वास निराळा, पण रेडिएटरवर वाळत घातलेल्या कपड्यांचा वास सगळीकडे एकच. कुठे साबुदाण्याची खिचडी, कुठे फ्रोझन मटारची उसळ. एका घरी तर चक्क बेक्ड बीन्सची मिसळ, वर शेव पेरून. चांगली लागली हो! बाहेर साडेचारलाच अंधारून यायचं आणि आत आम्ही दोघी सोफ्यावर, मांडीवर ब्लँकेट, समोर कोरियाचा समुद्र.

आणि काय सांगू, प्रत्येकीची मतं तिच्या तुकड्यापुरती ठाम. पाच नंबर विद्याकडे होता. ती तिथल्या हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट, बोलायला फटकळ. पाचमध्ये बंडूची आई सुमीची पत्रं लपवते. विद्या म्हणायची, "मेली सटवी आहे ती आई. अशा बायकांना तर..." आणि हातातलं लाटणं हवेत फिरवायची. नवरा आणि दीर वरच्या खोलीत दबकून बसायचे. उलट, अकरा नंबरवालीच्या मते ती आई म्हणजे साक्षात देवी, कारण अकरात ती आजारी पडून सगळ्यांची माफी मागते. त्या दोघींचं पुढे एका वाढदिवसाला ह्यावरून खरोखरीचं वाजलं. पूर्ण गोष्ट माहीत असलेली मी एकटीच, आणि मला दोघींचंही पटत होतं.

तेव्हापासून मला एक खोड लागली आहे. कुणी कुणाबद्दल ठणकावून बोललं, की मी मनात विचारते, बाई गं, तुझ्याकडे कितवी डिस्क आहे? परदेशात आपण सगळेच एकमेकांना अधेमधेच भेटतो. कुणाचा सातवा भाग चाललेला असतो, कुणाचा तेरावा. आधीचं ठाऊक नसतं, पुढचं बघायला आपण तिथे नसतो.

मार्च लागला. राउंडअबाउटवर डॅफोडिल्स फुलले. बंडू-सुमीला बघून मला आधी रडू यायचं, आता राग यायला लागला होता. तेरा नंबरमध्ये तो तिच्या दारापर्यंत येतो, बेल वाजवायला हात उचलतो आणि परत जातो. चौदात तीच गंमत, फक्त दार त्याचं. "अरे बोला ना!" मी टीव्हीवर ओरडले, तेव्हा त्या घरातलं बाळ दचकून उठलं. इतकी देखणी माणसं, इतका स्वच्छ समुद्र, आणि पंधरा डिस्क झाल्या तरी एकानंही सरळ तोंड उघडून सांगू नये, की बाबा रे, मला तुझ्याशिवाय करमत नाही? आणि त्याच संध्याकाळी आठला फोन आला. "जेवलीस का?" "हो. तू?" "हो. बाकी?" "बाकी काही नाही."

सोळावी डिस्क पिनरच्या लिमयेकाकूंकडे होती. काकू सत्तरीच्या. साठच्या दशकात आलेल्या. लिमयेकाका जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा कॅनडात. मार्चच्या शेवटच्या शनिवारी मी त्यांच्याकडे गेले. पुण्याच्या ऑफिसला कळवायला दोनच दिवस उरले होते. घड्याळं त्या रात्रीच पुढे जायची होती, तर काकू स्टुलावर चढून भिंतीवरचं घड्याळ आधीच लावून घेत होत्या.

"काकू, डिस्क कुठेय?"

"कुठे म्हणजे? देवापुढे."

मी बघितलं आणि कपाळाला हात लावला. काकूंकडे डीव्हीडी प्लेयर नव्हताच. घरात नवी वस्तू आली, म्हणून त्यांनी कव्हर उघडून डिस्क बाहेर काढली होती, चकचकीत बाजू वर करून देव्हाऱ्यात ठेवली होती आणि तिला हळदकुंकू लावलं होतं. वर अक्षता. रोज पूजेच्या वेळी त्यावर पाण्याचे चार थेंबही उडत असणार. अडीच महिन्यांत कुंकू अगदी घट्ट वाळलं होतं.

"काकू, अहो, डिस्कला हळदकुंकू?"

"मग? आमच्या घरात फ्रिजलासुद्धा लावलंय. थांब, पुसून देते." आणि मी नको नको म्हणेपर्यंत त्यांनी पदर ओला करून ती खसाखसा पुसली.

लॅपटॉप टेबलावर ठेवला, काकूंनी चष्मा बदलला. पाऊण तास डिस्क नीट चालली. मी आधीच्या पंधरा भागांची गोष्ट सांगत होते, काकू "हं, हं" करत होत्या. शेवटचा प्रसंग आला. तोच पहिला धक्का, संध्याकाळ, पाऊस नाही की वारा नाही. एका टोकाला सुमी, दुसऱ्या टोकाला बंडू. दोघांनी एकमेकांना बघितलं. आणि चित्राचे चौकोन चौकोन झाले. आवाज तुटला. मी डिस्क काढली, पुसली, फुंकर मारली, परत घातली. पुन्हा तिथेच. दोघं समोरासमोर उभे आणि एकही पाय उचलला जाईना. सहा वेळा केलं. सातव्यांदा लॅपटॉपनं डिस्क ओळखायलाच नकार दिला.

मी रडायला लागले. हुंदके देऊन. काकू घाबरल्या. "अगं, एवढं काय? नाटकच ते." मग मी सगळं सांगून टाकलं. पुण्याची मेल, मार्चअखेर, मनाशी लावलेला पण, मंदारला काही न विचारणं.

काकू उठल्या, चहा टाकला, आल्याचा तुकडा ठेचला. मग ओट्याकडे तोंड करूनच बोलल्या.

"हे इकडे आले तेव्हा मी सांगलीला राहिले. चार वर्षं. हे लिहायचे, प्रकृती कशी आहे. मी लिहायची, उत्तम. 'ये' असं ह्यांनी लिहिलं नाही आणि 'येऊ का' असं मी विचारलं नाही. लोक अजून म्हणतात, काय धीर हो तुमचा! धीर कसला डोंबलाचा? भीती होती. नाही म्हणाले तर, ह्याची. पुढे इथे आल्यावर एकदा ह्यांना विचारलं, का नाही हो लिहिलंत? तर म्हणाले, तू नाही म्हणशील असं वाटलं." त्यांनी कप माझ्यापुढे ठेवला. "चार वर्षं गं. तेव्हा मी बावीस वर्षांची होते."

मी चहा घेतला आणि निघाले. मेट्रोपॉलिटनच्या डब्यात बसल्यावर मात्र मला माझाच असा संताप आला, की विचारू नका. माझं राहायचं की जायचं, हे कोरियातला कोण कुठला लेखक ठरवणार? आणि त्याचा निकाल यावा म्हणून मी अडीच महिने घरोघर हिंडले! दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवायची, तर निदान आपल्या ओळखीचा खांदा तरी निवडावा. बंडू-सुमीनं पंधरा डिस्क वाट बघितली, काकूंनी चार वर्षं. मी नाही बघणार. त्याच्या तोंडून काय येईल ते येऊ दे. नाही म्हणाला तर नाही. पण विचारायचं, आणि फोनवर नाही, समोर उभं राहून.

रविवारी सकाळी पहिली मिळेल ती गाडी धरली. एक बॅग, लॅपटॉप आणि डब्यात उरलेले तिळाचे लाडू. ते लाडू मात्र घाईत ओट्यावरच राहिले. दोनदा गाडी बदलली. बाहेर आधी मेंढ्या, मग टेकड्या, मग डाव्या-उजव्या हाताला पाणीच पाणी. एडिनबरानंतर गाडी एका लांब पुलावरून समुद्र ओलांडते. त्या पुलावर मला क्षणभर वाटलं, उतरावं आणि परत फिरावं. पुलावर उतरता येत नाही, हे फार बरं आहे. ॲबर्डीनला पोचले तेव्हा सहा वाजून गेले होते. घड्याळं पुढे गेल्यामुळे लख्ख उजेड होता. सगळं गाव करड्या दगडाचं आणि डोक्यावर समुद्रपक्ष्यांचा कलकलाट. पत्ता विचारत विचारत त्याच्या दारात उभी राहिले. बेलवर बोट ठेवताना बंडूची आठवण झाली, म्हणून जरा जास्तच जोरात दाबली.

मंदारनं दार उघडलं. अंगात जुना टी-शर्ट, हातात पळी, मागून डाळ करपल्याचा वास. मला बघून त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"काय झालं? कोण गेलं?"

"कुणी गेलं नाही. मी आलेय."

तो बाजूला झाला. मी बॅग टेकवली आणि बूटही न काढता बोलायला सुरुवात केली. पुण्याची मेल, उद्याची मुदत, आईची खोली. "मला तिकडे एकटीनं राहायचं नाही, मंदार. मला चिवडा खाऊन 'हो जेवले' म्हणायचं नाही. मी नोकरी सोडते आणि इथे राहते, ह्याच खोलीत. नाहीतर पुण्याला जाते. तुला काय हवंय ते तोंडानं सांग."

त्यानं पळी दुसऱ्या हातात घेतली. मग खणातून एक कागद काढून त्यानं माझ्या हातात दिला. त्याचं इथलं काम आणखी दीड वर्ष वाढलं होतं. तारीख महिन्यापूर्वीची.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू परत जाशील असं वाटलं."

"आणि न सांगितल्यावर राहिले असते?" माझा आवाज चढला. "मूर्ख आहेस का तू?"

"हो," तो म्हणाला. मग म्हणाला, "इथे मराठी कुणी नाही, अनघा. हिवाळ्यात तीन-साडेतीनला अंधार होतो. तू इथे काय करशील?"

"ते मी बघीन. मी राहू का नको, एवढंच सांग."

"राहा," तो म्हणाला.

"ऐकू आलं नाही."

"राहा! नको जाऊस. पुण्याला नको, मिल्टन कीन्सला नको, कुठेच नको." आणि मग त्याला रडू आलं. पळी अजून हातातच होती. डाळ पार गेली कामातून.

ॲबर्डीनला आम्ही दीड वर्ष त्या खोलीत काढलं. मी तिथे गाडी चालवायला शिकले, नोकरी केली, थंडीनं बोटं सुजवून घेतली. सगळं गोड झालं असं मी म्हणत नाही, कडाक्याची भांडणंही झाली. पण तोंड उघडून झाली. त्या मालिकेचं नाव आम्हा सोळाजणींना कधीच वाचता आलं नाही, त्यामुळे शेवट शोधायचा म्हटला तरी शोधता येत नाही. परवा नागपूरहून आलेली सायली तीळ निवडताना म्हणाली, "काकू, कव्हरचा फोटो काढून टाका ना ऑनलाइन, दोन मिनिटांत कळेल." तिचा नवरा नागपुरात आहे, व्हिसाचं अडलंय. मी तिला म्हटलं, ते राहू दे, तू त्याच्याशी काय बोलतेस ते सांग.

त्या रविवारी, डाळीचं पातेलं सिंकमध्ये भिजत पडलेलं असताना, मी काकूंना फोन लावला. सकाळी स्टेशनवरून त्यांना निघाल्याचं सांगितलं होतं, म्हणून पोचल्याचंही कळवायला हवं होतं.

"ती दोघं भेटली का गं?" काकूंनी पहिलं तेच विचारलं.

"भेटली, काकू."

"आधी कोण चालत आलं?"

"ती."

काकू मग नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "मंदारला फोन दे."

मंदारनं फोन कानाला लावला आणि ताठ उभा राहिला. "हो काकू," म्हणाला. "हो. चुकलंच. हो काकू, लगेच." फोन ठेवून तो माझ्याकडे वळला.

"काकूंनी विचारायला सांगितलंय," तो म्हणाला. "जेवलीस का?"

"नाही," मी म्हटलं. "सकाळपासून पोटात काही नाही. वाढ."